येण्याचं कारण

नाव नजर, आडनाव पलामारचुक.
लॉजच्या रजिस्टरात शकीलभाईंनी नुसतं नजर लिहिलं
आणि विचारलं, मियां, कहाँ के?
तो म्हणाला, झापोरिझ्झिया.
शकीलभाईंनी लिहिलं : झारखंड.

जालन्यात त्या साली ऑल इंडिया फुटबॉल होतं,
एका सळईवाल्या शेठच्या वडिलांच्या नावाने.
निर्मळ सरांनी कोलकात्याला फोन लावून
गोलकीपर मागवला. सहा फूट चार इंच,
अकरा दिवस, पंचवीस हजार, वर नाष्टा.
मी रोलिंग मिलमध्ये बारा तास
आणि टीमचा दुसरा कीपर,
म्हणजे बर्फ आणायचा, गेलेला बॉल आणायचा,
आणि याच्याशी बोलायचं.
दोघांत मिळून इंग्रजी शब्द चाळीसेक.

तेवढ्यात त्यानं सगळं सांगितलं.
बाप भट्टीवर, हा सोळाव्या वर्षी कारखान्याच्या संघात.
मग तिसरी डिव्हिजन : बसमध्ये चौदा तास,
एका हिवाळ्यात पगार म्हणून साखरेची पोती.
मग दुसरी.
मग एकदाच, आयुष्यात एकदाच, पहिली.
मोठ्या कीपरला लाल कार्ड,
एकोणऐंशीव्या मिनिटाला हा आत
आणि समोर पेनल्टी.
अडवली?
त्यानं हात उजवीकडे नेला
आणि डोळे डावीकडे.

धरून अकरा मिनिटं.
नंतरचं सगळं त्यांच्या उधारीवर :
कझाकस्तान, मालदीव, कोलकात्याचा चिखल,
एक गुडघा, दुसरा गुडघा,
जालना.

एका रात्री त्याला एमआयडीसीत नेलं.
आवारात भंगाराचा डोंगर, सायकलींची हँडलं,
जहाजाचे पत्रे, कुणाच्या तरी पलंगाच्या स्प्रिंगा.
भट्टीचं तोंड उघडलं तसे आम्ही नाकाला रुमाल लावले.
हा उभा राहिला आणि पोटभर वास घेतला.
पापा, म्हणाला.
चाळिसांत हा शब्द नव्हता,
पण तो मला कळला.

सेमीफायनल हैदराबादशी. शून्य-शून्य.
पोरं बांबूवर चढून ओरडत होती,
नजर लागली रे, नजर लागली!
याचा अर्थ त्याला कोण समजावणार?
तो हात हलवायचा, ती आणखी ओरडायची.
एकोणऐंशीव्या मिनिटाला तो खाली बसला.
गुडघ्याकडे बोट, मग माझ्याकडे.
निर्मळ सर म्हणाले, जा बाप्पा.
माझे पाय म्हणजे नुसती लापशी.
शेवटच्या मिनिटात आमच्या बॅकचा हात लागला.
पेनल्टी.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर औरंगाबादची गाडी लागली.
पोत्याएवढी बॅग टपावर चढवून तो खाली आला
आणि लंगडत नव्हता.
विचारलं, कुठं उडी मारलीस?
उजवीकडे.
मी पण, म्हणाला.
आणि असा हसला की कंडक्टरसुद्धा हसला.

आता टीव्हीवर तिकडच्या बातम्या लागतात,
पडलेल्या भिंतींत मी धुराडं शोधत बसतो.
परवा भाच्यानं मोबाइलवर त्याची कारकीर्द काढली.
साल, क्लब, सामने, सगळं रकान्यांत.
पहिली डिव्हिजन : सामने एक, मिनिटं अकरा,
खाल्लेले गोल एक.
दोन हजार नऊसमोर आडवी रेघ.
मामा, या साली तो काय करत होता?
म्हटलं, जेवून घे, माझी रात्रपाळी आहे.

जाता जाता लॉजवर थांबलो.
शकीलभाईंचा पोरगा माळ्यावर चढला,
धूळ झटकत जुनं रजिस्टर खाली दिलं.
पान सापडलं. वाळवीनं कडा खाल्लीय,
मधलं शाबूत आहे.
नाव : नजर. गाव : झारखंड. वय : चौतीस.
येण्याचं कारण : गोल अडवणे.
कधी जाणार, तो रकाना
शकीलभाईंनी भरलाच नव्हता.